वडिलांना ट्रायलमध्ये घ्यायचं म्हणतायत, सही करू का?

तासगावचा_बेदाणा
सोमवार, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं इथं नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

आमचे अण्णा, वय ६७, तासगावपासून आत गाव, अडीच एकर द्राक्षबाग. मिसरूड फुटल्यापासून तंबाखू. गेल्या वर्षी गालाच्या आत जखम झाली ती भरेचना, दाढ लागत असेल म्हणून दातवाल्याकडं दोन महिने गेले, मग मिरजेत तुकडा काढून तपासला तर कॅन्सर. ऑपरेशन झालं, लाईट झाली (रेडिएशनला आमच्याकडं लाईटच म्हणतात) आणि आता आठ महिन्यांनी मानेत परत गाठ. म्हणून पुण्याला एका मोठ्या हॉस्पिटलात नेलं, नाव लिहीत नाही. डॉक्टर बोलायला बरे वाटले. म्हणाले परत ऑपरेशन जमणार नाही, किमो करू, आणि आमच्याकडं एक ट्रायल, म्हणजे औषधाची चाचणी, चालू आहे त्यात बसले तर बघा. एका गटाला नेहमीची किमो, दुसऱ्या गटाला तीच किमो आणि वर एक जादा औषध. कुठल्या गटात जायचं ते डॉक्टर नाही, कम्प्युटर ठरवणार.

हातात २३ पानं दिली. मराठीत आहेत म्हणायची. मी बीकॉम, बायको डीएड, दोघांनी मिळून वाचली तरी "यादृच्छिकीकरण"ला गाडी अडकली ती अडकलीच. आणि शेवटच्या पानावर वार्षिक उत्पन्न, वारसदाराचं नाव, पत्ता, नातं. मी मोठ्यानं वाचत होतो, आई चहा गाळत होती, वारसदार ऐकलं आणि गाळणी कपावर तशीच ठेवून आत निघून गेली.

भाऊ म्हणतो नको, प्रयोग करतील. मेहुणे म्हणतात भारी औषध फुकट मिळतंय, सोडू नका. अण्णांना अजून नीट सांगितलेलं नाही, उगाच टेन्शन नको म्हणून. त्यात छाटणी तोंडावर, मजूर सांगून ठेवलेत. गुरुवारी पुण्याला जायचंय. सही करू का नको?

खवळलेला_सांगलीकर
सोमवार, रात्री ११:२६

अजिबात नको. या लोकांना आपण म्हणजे उंदीर. २००९-१० ला आंध्रात खम्मम आणि गुजरातमध्ये वडोदरा, शाळकरी पोरींना एचपीव्हीची (गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर ज्या विषाणूनं होतो त्याची) लस टोचली, आश्रमशाळेतल्या पोरींच्या आईबापाच्या जागी वॉर्डननं सह्या ठोकल्या. सात पोरी गेल्या. गरिबाला विचारतोय कोण. २३ पानं कशाला देतात माहितीय का, कुणी वाचू नये म्हणून देतात.

मिसळप्रेमी_विश्रामबाग
सोमवार, रात्री ११:३१

भावा काळजी घे, अण्णांना लवकर बरं वाटू दे. मला यातलं काही कळत नाही पण धागा वर राहावा म्हणून लिहितोय.

कराडची_सिस्टर
मंगळवार, सकाळी ६:५०

नाईट संपवून बसमधून लिहितेय, चुका असतील. मी मूळची कराडची, १४ वर्षं पुण्यात, त्यातली ८ वर्षं ट्रायलची कोऑर्डिनेटर होते, आता परत वॉर्डात आहे.

सांगलीकर दादा, अर्धंच सांगितलंत. त्या सात मुलींची चौकशी झाली, एक बुडून गेली होती, एक साप चावून, लसीमुळं गेल्या असं निघालं नाही. आणि ती लस आधीच बाजारात होती. पण वॉर्डनच्या सह्यांचं जे म्हणताय ते शंभर टक्के खरं. ते प्रकरण २०१० ला थांबवलं आणि २०१३ ला संसदेच्या समितीनं त्यावरून सगळ्यांना झोडपून काढलं. म्हणजे औषध बरोबर असलं तरी न विचारता टोचलं तर तो गुन्हाच, हे त्यातून शिकायचं, सगळ्या ट्रायल लबाड हे नाही.

बेदाणा दादा, आता तुमचं. पहिल्या पानावर वरच्या कोपऱ्यात किंवा तळाला सीटीआरआयने सुरू होणारा एक लांब नंबर असेल. भारतातल्या ट्रायलींची ती सरकारी नोंदवही आहे, २००७ ला सुरू झाली, १५ जून २००९ पासून औषधाच्या ट्रायलींना नोंद सक्तीची, आणि १ एप्रिल २०१८ पासून तर पहिला पेशंट घ्यायच्या आधी नोंद व्हायला लागते, मागून चिकटवता येत नाही. वेबसाइट कुणालाही उघडते. तिथं नंबर टाका, पैसे कोण घालतंय, किती पेशंट घेणार, कुठल्या कुठल्या हॉस्पिटलात चालू आहे, कुठल्या एथिक्स कमिटीनं (ट्रायलमध्ये पेशंटवर अन्याय होत नाही ना हे बघणारी समिती) मंजुरी दिली, सगळं दिसतं. नंबरच नसेल तर तिथंच विषय संपला, कागद परत द्या.

वारसदाराचं म्हणाल तर ते सगळ्यांनाच विचारतात, सरकारी नमुन्यातच तो रकाना आहे. ट्रायलमुळं काही बरंवाईट झालं तर भरपाई कुणाला द्यायची म्हणून. एलआयसीच्या फॉर्मवर आपण लिहितोच की. आईंना हे सांगा आधी.

आणि गुरुवारचीच घाई कुणी केली, डॉक्टरांनी का तुम्ही?

तासगावचा_बेदाणा
मंगळवार, सकाळी ९:१५

सिस्टर, खूप आभार. नंबर आहे, सापडला. घाई आम्हीच केली, छाटणीच्या आत उरकावं म्हणून. डॉक्टर म्हणाले होते निवांत वाचा, शंका असतील तर फोन करा. फोन करायला कसंतरी वाटलं, मोठे डॉक्टर, आपण काय विचारायचं.

आईला एलआयसीचं सांगितलं. म्हणाली मग पहिल्या पानावर लिहायचं की तसं.

किल्लेदार_अजिंक्यतारा
मंगळवार, सकाळी १०:०२

ट्रायल म्हणजे काय हे मला एप्रिल २०२१ ला कळलं, फार उशिरा कळलं. चुलते साताऱ्यात ऑक्सिजनवर, डॉक्टर म्हणाले प्लाझ्मा बघा, म्हणजे कोरोनातून उठलेल्या माणसाच्या रक्तातला पातळ भाग. मी आणि चुलतभाऊ, दोन दिवस दोन रात्री, पुणे सांगली कोल्हापूर, स्टेटसवर स्टेटस टाकून, एका अनोळखी पोराला कोरेगावातनं मोटारसायकलवर घालून रक्तपेढीत आणलं, तो बिचारा उपाशी होता आणि त्याला वडापाव खायला घालायचंसुद्धा आम्हाला सुचलं नाही. चुलते गेलेच.

नंतर कधीतरी वाचलं की आयसीएमआरनं (केंद्र सरकारची वैद्यकीय संशोधन संस्था) २०२० च्या उन्हाळ्यातच ३९ हॉस्पिटलांत ४६४ पेशंटवर चिठ्ठी टाकून ट्रायल केली होती, निम्म्यांना प्लाझ्मा निम्म्यांना नाही, आणि फरक काहीच नाही. ऑक्टोबर २०२० ला छापूनही आलं होतं. म्हणजे आम्ही पळत होतो त्याच्या सहा महिने आधी उत्तर आलेलं होतं. सरकारी यादीतनं प्लाझ्मा काढला मे २०२१ ला. आणि त्याच साथीत डेक्सामेथासोन नावाचं अगदी स्वस्तातलं जुनं स्टिरॉइड, ते इंग्लंडातल्या ट्रायलमध्ये जून २०२० ला निघालं की व्हेंटिलेटरवरच्या माणसांचे मृत्यू एक तृतीयांशानं कमी करतं. कुणाच्या डोक्यात आलं असतं? महागाचं ते चांगलं असं आपल्याला वाटतं. त्या ४६४ लोकांनी सह्या केल्या नसत्या तर अजून कुठंतरी एखादा पोरगा उपाशीपोटी रक्तपेढीत बसला असता.

नाव_नको
मंगळवार, दुपारी १:४०

सगळं गोड गोड चाललंय म्हणून लिहिते. माझ्या आत्याला हृदयाच्या त्रासासाठी मोठ्या शहरात नेलं होतं, शहर पण सांगत नाही. रात्री साडेनऊला, ती स्ट्रेचरवर, आत्तोबा बाहेर पैसे भरायच्या लाइनीत, एक मुलगा आला हातात पुठ्ठ्याला लावलेले कागद, म्हणे इथं इथं आणि इथं. मी विचारलं कसले, तर म्हणे ॲडमिशनचेच आहेत. अकरा ठिकाणी सह्या. चार दिवसांनी फोन आला "स्टडी व्हिजिट"ला या. कसली स्टडी? आमच्याकडं एक कागद नव्हता. आत्याला काही झालं नाही, ठणठणीत आहे, पण तेव्हापासून ती डॉक्टरनं पेन पुढं केलं की हात पदराखाली घेते.

कराडची_सिस्टर
मंगळवार, दुपारी ३:०५

ताई, हे सरळ सरळ चुकीचं झालं, बाजू घेणार नाही. सही केलेल्या कागदाची एक प्रत पेशंटला द्यावीच लागते. एथिक्स कमिटीचा नंबर त्याच कागदावर असतो, तिथं तक्रार करता येते, डॉक्टरला न विचारता. आणि त्या नंबरसाठी तरी कागद हातात असायला हवा ना, तोच त्यांनी दिला नाही. ज्याला लिहितावाचता येत नाही त्याच्यासाठी तर हॉस्पिटलशी संबंध नसलेला साक्षीदार लागतो, त्याच्यासमोर सगळं वाचून दाखवायचं आणि मग अंगठा. आमच्याकडं एकदा साक्षीदार म्हणून कँटीनवाल्याला बोलावलं होतं, कमिटीनं तो परत पाठवला, कँटीन हॉस्पिटलचंच ना.

निवृत्त_मास्तर_मिरज
मंगळवार, संध्याकाळी ७:३०

बेदाणाराव, धाग्याचं शीर्षक वाचून कालपासून अस्वस्थ आहे म्हणून लिहितो. "सही करू का?" अहो, सही तुमची नाहीच. ती अण्णांची आहे. तुमचे अण्णा शुद्धीत आहेत, बागेचा हिशोब अजून त्यांच्याकडं असणार, मजूर कुणाचे सांगायचे ते तेच ठरवत असणार, आणि त्यांच्या अंगात काय घालायचं याची चर्चा भाऊ, मेहुणे आणि आम्ही अनोळखी माणसं करतोय.

आता माझी ओळख. ३१ वर्षं शाळेत मराठी शिकवलं, नंतर एका हॉस्पिटलच्या एथिक्स कमिटीवर चार वर्षं होतो. नियमच आहे, कमिटीत निदान ७ माणसं, त्यातली निम्मी तरी त्या संस्थेबाहेरची, अध्यक्ष बाहेरचा, निदान एक बाई, एक कायद्याचा जाणकार आणि एक सामान्य माणूस ज्याला वैद्यकातलं काही कळत नाही. तो मी. सौ. म्हणाली, आयुष्यात पहिल्यांदा तुमची योग्य जागी नेमणूक झाली.

पहिल्याच मीटिंगला माझ्यापुढं माहितीपत्रकाचं मराठी भाषांतर आलं. त्यात एक वाक्य, "विषयाला मळमळ व उलट्या होऊ शकतात." मी हात वर केला, म्हटलं कुठल्या विषयाला, गणिताला का? सगळे बघायला लागले. मग कळलं की इंग्रजीत ज्याच्यावर अभ्यास करायचा त्या माणसाला सब्जेक्ट म्हणतात आणि भाषांतर करणाऱ्यानं शब्दकोश उघडून विषय लिहून टाकलं. पुढच्या पानावर "दुहेरी अंध अभ्यास", म्हणजे कुणाला कुठलं औषध मिळतंय ते पेशंटलाही माहीत नाही आणि डॉक्टरलाही नाही. आमच्या इथला शेतकरी ते वाचून डोळ्याचं ऑपरेशन समजणार. तुमचं ते यादृच्छिकीकरण आम्ही काढून "चिठ्ठ्या टाकून ठरवल्यासारखं, पण कम्प्युटरवर" एवढं लिहायला लावलं. कंपनीचा माणूस म्हणाला हे शास्त्रीय वाटत नाही. मी म्हटलं, कळतं ना?

एक गोष्ट मात्र तुम्ही नक्की विचारा, जादा औषध न मिळणाऱ्या गटाला काय मिळणार. लोक नव्या औषधाकडं बघतात, मी नेहमी ज्यांना ते मिळणार नाही त्यांच्याकडं बघायचो. आपल्या शेजारी उस्मानाबाद जिल्ह्यात, आता धाराशिव, गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरच्या तपासणीची फार मोठी ट्रायल झाली, १,३१,७४६ बायका, २००९ ला निकाल आला. एकदाच एचपीव्हीची तपासणी केलेल्या गटात ३४ मृत्यू, आणि तपासणीशिवाय नेहमीसारख्या ठेवलेल्या गटात ६४. जगभर त्या निकालानं धोरणं बदलली. पण त्या ६४ जणींचं काय? करणारे म्हणतात तशीही गावात कुठली तपासणी होत होती, आम्ही काही काढून घेतलं नाही. खरं आहे. तरी माझं मन त्यावर बसत नाही, आजही नाही. तुमच्या ट्रायलमध्ये अशा गटाला नेहमीची पूर्ण किमो आहे असं लिहिलंय, ती ट्रायलबाहेर मिळाली असती तीच आहे का, एवढं डॉक्टरांकडून वदवून घ्या.

खवळलेला_सांगलीकर
मंगळवार, रात्री ८:१०

मास्तर गणिताला मळमळ 😂 ते खरं तर आम्हालाच व्हायची.

बरं पैशाचं बोला. माणूस गेला तर किती देतात?

कराडची_सिस्टर
मंगळवार, रात्री ९:४५

दादा तुम्ही कडूच बोलणार, पण प्रश्न योग्य आहे. आधी हे, ट्रायल चालू असताना गंभीर काही झालं, ॲडमिट करावं लागलं तरी ते त्यात येतं, की २४ तासांत मुख्य डॉक्टरनं केंद्राच्या औषध नियंत्रकांना, कंपनीला आणि एथिक्स कमिटीला कळवायचं. उपचाराचा खर्च पेशंटनं करायचा नाही, त्रास ट्रायलमुळं नव्हता हे ठरेपर्यंत तरी नाहीच.

मृत्यू ट्रायलमुळं झाला असं ठरलं तर २०१९ च्या नियमात सूत्र आहे. ८ लाख मूळ धरायचे, त्याला वयाच्या आणि जोखमीच्या आकड्यानं गुणायचं. ६५ च्या पुढच्या माणसाला वयाचा आकडा उडून जातो आणि राहतं ८ लाख गुणिले जोखीम. ही जोखीम ०.५ ते ४. चांगल्या धडधाकट माणसाला ४, आणि ज्याच्याकडं सहा महिन्यांच्या आत दिवस आहेत त्याला ०.५. कॅन्सर वाढल्यामुळं माणूस गेला तर यातलं काही नाही, हे स्पष्ट समजून घ्या, नंतर तिथं येऊन भांडणारे खूप बघितलेत.

नाव_नको
मंगळवार, रात्री ९:५८

म्हणजे जास्त आजारी तो स्वस्त?

निवृत्त_मास्तर_मिरज
मंगळवार, रात्री १०:२०

हाच शब्द मी मीटिंगमध्ये वापरला होता. वकीलबाई म्हणाल्या कोर्टात अपघाताच्या केसलाही वय आणि कमाई बघतातच. त्यावर मला उत्तर सुचलं नाही, आणि बिस्किटं आली.

सातारी_कंदी
बुधवार, सकाळी ८:३०

थोडं विषयांतर. मुंबईत प्लेग आला तेव्हा हाफकिन साहेबानं लस केली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली, ताप भरला, तरी कामावर. मग महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात कैद्यांवर, निम्म्यांना टोचली निम्म्यांना नाही, आणि टोचलेल्यांत प्लेग कमी. आज कुणी कैद्यांवर असं करायला गेलं तर कमिटी उभं करणार नाही, जो नाही म्हणू शकत नाही त्याच्या होकाराला काय अर्थ. त्याच मार्चमध्ये, १० तारखेला, आपल्या नायगावच्या सावित्रीबाई पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना त्याच रोगानं गेल्या. जेमतेम दोन महिन्यांचं अंतर. मला हे नेहमी एकत्र आठवतं, का ते सांगता येत नाही.

आणि संशोधन म्हणजे मोठ्या शहरातच असं नाही. आंबेनळी घाट उतरून पोलादपूर, पुढं महाड, तिथं डॉ. हिम्मतराव बावसकरांनी विंचवावर प्राझोसिन नावाची रक्तदाबाची गोळी देऊन माणसं वाचवली, १९८६ ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. नंतर २०११ ला ७० पेशंटची ट्रायल, नुसतं प्राझोसिन का सोबत विंचवाच्या विषावरचं प्रतिविष पण. प्रतिविषवाल्या ३५ पैकी ३२ जण १० तासांत बरे, नुसत्या गोळीवाले ३५ पैकी ८. विंचवावर ही गोळी त्यांनीच पुढं आणलेली, तरी तिच्यावर भागत नाही हे त्यांनीच मोजून दाखवलं. याला जिगर लागते.

तासगावचा_बेदाणा
बुधवार, रात्री ११:४०

मास्तर, तुमचं वाचलं आणि दिवसभर लाजल्यासारखं झालं. संध्याकाळी अण्णांना बागेतच गाठलं, पंपाच्या कट्ट्यावर बसले होते. म्हटलं अण्णा, असं असं आहे. सगळं सांगितलं, मानेतली गाठ परत तीच आहे हे पण, त्यांना ते माहीत होतंच म्हणे, "मला काय कळत न्हाई व्हय, तुझी आय भाकरी वाढताना बघत न्हाई माझ्याकडं."

मग चिठ्ठीचं सांगायला लागलो. मला वाटलं हे काय कळणार नाही त्यांना, जे मला दोन दिवस कळलं नाही. तर ते मध्येच म्हणाले, "म्हंजे टॉनिकासारखं."

दोन वर्षांमागं एक कंपनीवाला आला होता, मण्याची फुगवण होते म्हणून टॉनिक, चार हजाराची बाटली. शेजारच्या तात्यांनी अख्ख्या प्लॉटवर मारलं, माल चांगला आला, पण त्या साली सगळ्यांचाच चांगला आला होता, तात्यांना अजून सांगता येत नाही टॉनिकनं आला का हवामानानं. अण्णांनी काय केलं, कंपनीवाला म्हणत होता विहिरीकडच्या ओळींवर मारू, अण्णा म्हणाले तुझ्या मनानं न्हाई. विहिरीकडच्या ओळींचा माल दरसाल चढच असतो, तिथं पाणी मारलं तरी टॉनिकचं नाव होईल. नातवाला बोलावला, वहीची पानं फाडून ओळींचे नंबर टाकले, टोपीत घातले आणि त्याला अर्ध्या काढायला लावल्या. निघालेल्या ओळींवर टॉनिक, बाकीच्या तशाच, पण बाकीचं खत, जीएचं डिपिंग (मणी फुगायला घड औषधात बुडवतात ते) सगळं दोन्हीकडं सारखं. सुतळी बांधून ठेवली खुणेला. मी तेव्हा कॉलेजच्या मित्रांना सांगून हसलो होतो, आमचा म्हातारा बागेत लॉटरी काढतो म्हणून.

फरक पडला नव्हता, हे राहिलं सांगायचं.

तर अण्णा म्हणाले, "डागदर आपल्या मनानं ठरवनार असता तर मी न्हाई म्हटलं असतं. चांगला गडी बघून त्याला नवीन औषध दिलं असतं आन मग म्हनला असता बघा औषध कसं लागू पडलं." मग बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "ज्या ओळीवर मारायचं न्हाई, तिला खत पानी पुरं देनार का?" मास्तर, तुमचाच प्रश्न, एक अक्षर न वाचता.

खवळलेला_सांगलीकर
बुधवार, रात्री ११:५५

भावा, अण्णांना नमस्कार सांग. शब्द मागं घेतो. थोडेच, सगळे नाही.

कराडची_सिस्टर
गुरुवार, सकाळी ६:३५

डोळ्यात पाणी आलं बसमध्ये. दादा, आठ वर्षं मी हे समजावून सांगत होते, सुतळीची खूण कधी सुचली नाही.

एकच जोडते. सगळ्या ट्रायल कंपनीच्या नसतात. तुमच्या अण्णांसारख्याच पेशंटवर मुंबईच्या टाटा हॉस्पिटलनं केली होती, निव्होलुमॅब नावाचं औषध, पूर्ण डोस परवडणारे आपल्याकडं हाताच्या बोटावर मोजण्याइतके, म्हणून २० मिलिग्रॅमच द्यायचं, नेहमीच्या दहाव्या भागापेक्षाही कमी, सोबत स्वस्तातली किमो. कुठली कंपनी आपलं औषध कमी वापरून बघा म्हणेल? २०२२ ला निकाल आला, नुसती किमो दिलेल्यांत वर्षभर जगलेले शंभरात १६, सोबत तो छोटा डोस दिलेल्यांत ४३. मधला आकडा, म्हणजे निम्मे पेशंट निदान जेवढं जगले तो, ६.७ महिन्यांवरून १०.१ महिने.

तासगावचा_बेदाणा
गुरुवार, सकाळी ७:२०

एसटीत आहोत, अण्णा खिडकीला. सिस्टर, महिन्यांत मोजतात हे आत्ता तुमचं वाचून पहिल्यांदा कळलं. कुणी बोललं नव्हतं असं. राग नाही, बरं झालं लिहिलंत, अण्णांना मात्र दाखवलं नाही. पेठ नाका गेला की सांगेन कदाचित. का पुण्यातून परत येताना सांगू?

निवृत्त_मास्तर_मिरज
गुरुवार, सकाळी ७:४५

त्यांनी विचारलं तर. आणि ते विचारतील, सही करायच्या आधीच विचारतील. उत्तर डॉक्टरांना देऊ द्या, तुम्ही शेजारी बसा.

मिसळप्रेमी_विश्रामबाग
तीन आठवड्यांनी, रात्री १०:००

बेदाणा भाऊ, काय झालं पुढं? अण्णा कसे आहेत?

तासगावचा_बेदाणा
पाच आठवड्यांनी, रविवार, रात्री ९:३०

माफ करा मंडळी, छाटणी, पुणे, परत पुणे यात राहूनच गेलं.

सही झाली, त्या गुरुवारी नाही, पुढच्या मंगळवारी. अण्णांनी डॉक्टरांना तीन गोष्टी विचारल्या. खतपाण्याचं, मास्तर म्हणाले तसं दिवसांचं, आणि मधेच सोडावंसं वाटलं तर सोडता येईल का. डॉक्टरांनी खुर्ची पुढं ओढून तिन्हीची उत्तरं दिली, कधीही सोडा, कारण सांगायची गरज नाही आणि नेहमीचे उपचार थांबणार नाहीत असं म्हणाले. दिवसांचं जे सांगितलं ते इथं लिहीत नाही. अण्णांनी ऐकलं, टोपी काढून परत घातली आणि पेन मागितलं. वारसदारात आईचं नाव, स्वतःच्या हातानं, जोडाक्षरासकट.

मग आठवडाभर तपासण्या, किडनी, रक्त, हृदयाची पट्टी, त्यात बसले. आणि चिठ्ठी निघाली नेहमीच्या किमोची. जादाचं औषध नाही. मेहुण्यांनी तोंड पाडलं, डॉक्टरांना सांगून बदलता येतंय का बघा म्हणाले. अण्णा म्हणाले, "आपली बिनटॉनिकची ओळ." एवढंच. मला त्या दिवशी वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू, नवीन औषध लागू पडेल का ते डॉक्टरांनाच माहीत नाही, त्यासाठीच तर सगळं चाललंय, हे सगळं पाठ झालंय तरी वाईट वाटलंच. येताना शिरवळला चहाला थांबलो तेव्हा कुणीच बोललं नाही.

किमोच्या दोन सायकली, म्हणजे फेऱ्या, झाल्यात. तोंड येतं, चव नाही, पण गाठ वाढलेली नाही असं परवा म्हणाले. जाण्यायेण्याचं भाडं देतात, पावत्या जपायच्या. किमोचे पैसे महात्मा फुले योजनेत बसले.

आणि घरी गोळ्या घ्यायच्या त्याची एक डायरी दिलीय, रोज गोळी घेतली का, ताप, उलटी, जेवण, आणि शेवटी "इतर काही" असा रकाना. अण्णा ती फवारणीच्या वहीला (बागेत डाऊनी, म्हणजे वेलीवरची बुरशी, कुठं दिसली, काय मारलं ते त्यात असतं) सुतळीनं बांधून ठेवतात, दोन्ही एकाच वेळी लिहितात, रात्री जेवणानंतर, चष्मा लावून. परवाच्या व्हिजिटला तिथल्या कोऑर्डिनेटर मॅडम पानं उलटत होत्या, एका ठिकाणी थांबल्या आणि एकदम काळजीनं विचारायला लागल्या, आजोबा, इथं तुम्ही लिहिलंय "पाचव्या ओळीत डाऊनी दिसली", हे कुठं दुखतंय नेमकं?